सिस्टर भिंगारदिवेंचं पत्र

दिल्लीत मराठी ख्रिस्ती माणसं राहतात, हे दिल्लीतल्या मराठी माणसांनाही पटकन खरं वाटत नाही. कुठल्याशा मराठी कार्यक्रमाला गेलं की कुणीतरी हटकून विचारायचंच, "अच्छा, तुम्ही ख्रिश्चन? मग घरी काय बोलता?" अरुणा भिंगारदिवे शांतपणे सांगायच्या, "हिब्रू." विचारणारा ओशाळून गप्प व्हायचा. मग त्या नवऱ्याकडे वळून म्हणायच्या, "चला ओ, पुऱ्या गार व्हायला लागल्यात."

बाई बोलायला तिखट. नगरजवळच्या खेड्यातला जन्म, मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकलेल्या. १९७० साली दिल्लीला आल्या आणि हिंदूरावच्या टेकडीवरच्या इस्पितळात चौतीस वर्षं काढली. बाळंतिणींचा वॉर्ड, जळितांचा वॉर्ड आणि शेवटची कितीतरी वर्षं छातीच्या रोगांचा वॉर्ड. नवरा अशोक रेल्वेच्या ऑफिसात कारकून, मवाळ माणूस. मुलगा मानस पहाडगंजच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकला. पुढे इंग्रजी शाळा, मग कॉम्प्युटर, मग गुडगावात काचेच्या इमारतीतली नोकरी. १९८८ मध्ये विकासपुरीत डीडीएच्या सरकारी सोडतीत फ्लॅट लागला, तेव्हा अरुणाबाईंनी दारावर देवनागरीत पाटी लावली. सबंध ब्लॉकमध्ये तशी एकच.

पण अरुणाबाईंची खरी मिळकत म्हणजे मराठी उपासना. १९७९ मध्ये त्यांनी आणि अशोकरावांनी ती सुरू केली. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता, आधी एका पाद्र्याच्या बंगल्यात आणि पुढे विकासपुरीजवळच्या चर्चमध्ये. नगरचे, जालन्याचे, पुण्याचे लोक यायचे. मिलिटरीतले, बँकेतले, नर्सा तर कितीतरी. अशोकराव पेटी वाजवायचे. उपासना संपली की चहा, चिवडा आणि तासभर नुसतं बोलणं. महिनाभर हिंदीत "जी, जी" करून थकलेली जीभ तिथे मोकळी व्हायची. चांगल्या दिवसांत चाळीस घरं होती.

मग दिल्ली पसरली. कुणी नोएडाला फ्लॅट घेतला, कुणी द्वारकेला, कुणी थेट फरिदाबादला. पूर्वी एका बसने येणारी माणसं आता दीड तासाच्या अंतरावर गेली. मुलं मोठी झाली, त्यांना मराठी गाणी वाचता येईनात. एकदा मानसच्या मुलीने विचारलं, "आजी, 'कनवाळू' म्हणजे व्हॉट?" अरुणाबाईंनी सांगितलं खरं, पण त्या दिवशी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. २००१ मध्ये अशोकराव गेले. उपासनेला येणारी माणसं अकरावर आली, कधी नऊ. तरी दुसरा रविवार चुकला नाही. चर्चची किल्ली त्या स्वतः मागून आणत, सतरंज्या झटकत, बरोबर चार वाजता पहिलं गीत सुरू करत.

त्याच वर्षांत बर्मी लोक आले.

ब्रह्मदेशाच्या डोंगराळ भागातले हे चिन लोक. तिथल्या लष्कराच्या जाचाला कंटाळून मिझोराममार्गे दिल्लीला यायचे, कारण निर्वासितांना कार्ड देणारं संयुक्त राष्ट्रांचं ऑफिस दिल्लीत होतं. विकासपुरीला लागून असलेल्या जुन्या गावात घरमालकांनी मजल्यावर मजले चढवून खुराड्यांसारख्या खोल्या काढल्या होत्या. त्या खोल्यांतून एकेक करत ही माणसं भरली. बायका पाठीला मूल बांधून कारखान्यात जायच्या. पुरुष दिसेल ते काम करायचे. गावातली पोरं त्यांना "चिंकी" म्हणत, भाजीवाले जास्त दर लावत आणि रस्त्याने जाणाऱ्या बायकांना काय काय ऐकावं लागे, ते लिहिण्यासारखं नाही.

ते ख्रिस्ती होते. रविवारी ते चर्चमध्ये आले.

पाद्री मसीह साहेब पंजाबी, मोठ्या मनाचा आणि थोडा विसरभोळा माणूस. त्यांनी आधी अंगण दिलं, मग मागची खोली. माणसं वाढून दोनशे झाली तेव्हा हॉल दिला, दर रविवारी तीन ते सहा. दुसऱ्या रविवारी चारला तिथे आणखी कुणी असतं, हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. अरुणाबाई सतरंज्या झटकायला गेल्या तर हॉल खचाखच भरलेला. गिटार, ढोल आणि न कळणाऱ्या भाषेत कानठळ्या बसवणारं गाणं. दारात चपलांचा ढीग. त्यांच्या नऊ माणसांनी त्या दिवशी मागच्या खोलीत, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून उपासना केली. भिंतीपलीकडच्या ढोलात त्यांचं एकही गीत शेवटपर्यंत गेलं नाही.

"भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी," त्या मानसला फोनवर म्हणाल्या.

"आई, इट्स ओके. ते रिफ्यूजी आहेत यार."

"मग रिफ्यूजींनी कोपऱ्यात बसावं. मी आले तेव्हा मला कुणी हॉल दिला होता?"

पुढच्या कमिटीत त्यांनी विषय काढला. कमिटीसमोर चिन लोकांचा पुढारी लियानही बसला होता. चाळिशीचा, बारीक, आपल्या गावात शाळामास्तर होता. अरुणाबाई उभ्या राहून हिंदीत बोलल्या. संडासातली घाण, स्वयंपाकघरात राहिलेला आंबवलेल्या मासळीचा वास, फुटलेल्या दोन ट्यूबलाइट, सगळं मोजून मांडलं. मग थेट लियानकडे वळल्या.

"सहा साल से यहाँ हो. हिंदी सीखी? नहीं सीखी. क्योंकि आपको रहना ही नहीं है. अमेरिका का वीसा आया कि चले. हमारा चर्च आपके लिए प्लॅटफॉर्म है, बस."

लियान जरा वेळ शब्द जुळवत राहिला. "मॅडम, टाइम हम नहीं माँगा. पाद्रीसाहब दिया. हमको मालूम नहीं था आप लोग का भी है." थांबून म्हणाला, "वापस जाएगा तो आर्मी पकड़ेगा. एक बार पकड़ा था. उनका सामान उठाया चालीस दिन, पहाड़ में."

"ऐसी कहानी सबके पास होती है," अरुणाबाई म्हणाल्या.

 मग कमिटीतले एक गृहस्थ हलकेच हसून म्हणाले, "सिस्टर, मराठी सर्विस में भी तो हिंदी नहीं होती. और आप लोग हैं कितने, आठ?"

"नौ," त्या म्हणाल्या, आणि खाली बसल्या. कान लाल झाले होते. मराठी उपासना मागच्या खोलीत, दुपारी दीडला, असं ठरलं. मे महिना होता.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. निवृत्त झाल्यावर अरुणाबाई आठवड्यातून तीन सकाळी जवळच्या सरकारी दवाखान्यात टीबीची औषधं द्यायला जात. पगार नाही, हौसेचं काम. टीबीच्या रोग्याला औषध घरी देत नसत. त्याने येऊन सिस्टरसमोर गोळ्या गिळायच्या. प्रत्येक रोग्याच्या नावाचा एक खोका, त्यात पूर्ण सहा महिन्यांची औषधं. खोक्यांचं कपाट आणि त्याची किल्ली अरुणाबाईंकडे.

सुईपार ही चिन बाई त्यांच्याकडे त्या फेब्रुवारीतच आली होती. चर्च झाडायचं काम करायची, वय तिशीच्या आत. एका रविवारी सगळे गेल्यावर ती अरुणाबाईंपाशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आप सिस्टर हैं ना? मेरा आदमी खाँसता है. खून आता है. किसी को मत बोलना. मकानमालिक निकाल देगा."

"माझं कामच आहे ते," अरुणाबाई मराठीत बोलून गेल्या, मग हिंदीत समजावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः त्या दोघांना दवाखान्यात नेलं, थुंकी तपासून घेतली, खोका उघडला. नवऱ्याचं नाव थांग. चेहरा कागदासारखा पांढरा. दोन महिन्यांत त्याचं वजन चार किलोंनी वाढलं, तेव्हा अरुणाबाईंनी त्याला वजनकाट्यावरून उतरू न देता सुईपारला काटा दाखवला होता. म्हणजे बाई दुष्ट नव्हत्या. बर्मी लोकांवर राग होता, पण थांग रोगी होता. रोग्यावर राग धरायची त्यांना सवय नव्हती.

जूनमध्ये ब्लॉकच्या रहिवासी संघाचे सेक्रेटरी चड्ढासाहेब घरी आले. त्यांचे वडील फाळणीत मुलतानहून आले होते, तंबूत राहिले होते, हे ते स्वतःच अभिमानाने सांगत. संघाने बर्मी लोकांविरुद्ध अर्ज तयार केला होता. पार्कात गर्दी करतात, पाणी ओढून नेतात, वास येतो, पोलिसांकडे नोंद नाही. दोनशे सह्या झाल्या होत्या.

"पर सिस्टरजी, आपका साइन अलग चीज़ है," चड्ढासाहेब चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. "आप उन्हीं के धर्म की हैं. आप लिखेंगी तो कोई हमें कम्युनल नहीं कह सकता. और आप मेडिकल लाइन की हैं. सुना है बीमारियाँ भी हैं?"

अरुणाबाईंनी तेव्हाच उठायला हवं होतं. उठल्या नाहीत. मागच्या रविवारी दीड वाजता त्या बंद खोलीत पंखा फिरत नव्हता. अशोकरावांच्या वेळचे जुने स्नेही भाऊसाहेब, वय अठ्ठ्याहत्तर, त्यांना भोवळ आली होती. त्यांना रिक्षात घालून घरी सोडताना ते म्हणाले होते, "अरुणा, आता पुरे करू या." ते वाक्य बाईंच्या छातीत रुतून बसलं होतं.

"बीमारी है," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी पत्र लिहिलं. हिंदीत, सुवाच्य अक्षरात, खाली 'सेवानिवृत्त वरिष्ठ परिचारिका' असं लिहून. एकेका खोलीत आठ-आठ माणसं राहतात, हवा नाही, उजेड नाही. खोकल्यातून क्षय पसरतो आणि अशा खोल्यांत तो पसरल्याशिवाय राहत नाही. 'मैं स्वयं ऐसे रोगी को जानती हूँ, जो गली नंबर चार में डेरी के ऊपर रहता है.' नाव लिहिलं नाही. नाव लिहिलं नाही म्हणजे काही बिघडत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. गल्ली नंबर चारमध्ये डेअरीवर एकच खोली होती.

पत्र पालिकेला जाणार होतं. गेलंही असेल. पण चड्ढासाहेबांनी त्याच्या झेरॉक्स काढल्या. चार दिवसांनी अरुणाबाई दूध आणायला गेल्या, तर बूथच्या भिंतीला स्वतःचं अक्षर चिकटवलेलं. पुढे विजेच्या खांबावर, गावाच्या कमानीवर, औषधाच्या दुकानात. एक माणूस दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवत होता, आणि दुसरा म्हणत होता, "देखा? नर्स ने लिखा है, नर्स ने."

आठवड्याभरात गावातल्या साठ खोल्या रिकाम्या झाल्या. कुणी कुणाला मारलं नाही, पोलीस आले नाहीत. घरमालकांनी नुसतं सांगितलं, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांचं सामान गल्लीत आणून ठेवलं. गाद्या, स्टोव्ह, मुलांची दप्तरं. डेअरीवाल्याने तर खोलीत फिनेल ओतलं आणि थांगची भांडी नाल्यात टाकली. बघ्यांमध्ये विकासपुरीतली शिकलेली माणसंही होती. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढत होतं, मोबाइलवर फोटो निघतात याचीच तेव्हा नवलाई होती.

अरुणाबाई त्या दिवशी घरातच बसून राहिल्या. संध्याकाळी मानसचा फोन आला. त्यांनी त्याला पत्राबद्दल सांगितलं नाही. हवेबद्दल बोलल्या.

सोमवारी दवाखान्यात त्यांनी कपाट उघडलं. थांगच्या खोक्यातून सोमवारची गोळ्यांची पट्टी काढून ठेवली. तो आला नाही. बुधवारी आला नाही. शुक्रवारी नाही. छातीच्या वॉर्डात इतकी वर्षं काढलेल्या बाईला हे कुणी शिकवायला नको होतं. मध्येच औषध सुटलं की रोग बरा व्हायचा राहिला बाजूला, उलट आधीच्या औषधांना जुमानेनासा होतो. अशी मेलेली तरणी माणसं त्यांनी स्वतः चादरीत गुंडाळली होती.

दुसऱ्या शुक्रवारी त्या चड्ढांकडे गेल्या. "वो कागज़ उतरवा दीजिए."

चड्ढासाहेब हसले. "सिस्टरजी, अब क्या उतारना? काम तो हो गया. पूरा ब्लॉक आपको थँक्यू बोल रहा है."

मग थांगचा ठावठिकाणा मिळावा म्हणून त्या लियानला शोधायला निघाल्या. चर्चमध्ये आता चिन लोक येत नव्हते. उत्तम नगरच्या पुढे, नाल्याकाठच्या वस्तीत त्यांतले काही गेलेत, एवढंच पाद्रीसाहेबांना माहीत होतं. जुलैतला चिखल, साठीला टेकलेली बाई, हातात छत्री आणि पिशवीत थांगचा खोका. दोन दिवस त्या दारोदार फिरल्या. त्यांना बघून दारं लागत होती. एक म्हातारी त्यांच्या पायावर थुंकली. त्या पुसायलाही वाकल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी एका जिन्याच्या वर सुईपारने दार उघडलं. अर्धंच. आतून खोकल्याचा आवाज येत होता, आणि तो आवाज ऐकून अरुणाबाईंना काय ते कळलं.

"औषध आणलंय," त्या मराठीतच म्हणाल्या, मग भानावर आल्या. "दवाई. दो हफ़्ते से छूट गया है. उसको बाहर लाओ, मैं देखती हूँ. शायद फिर से शुरू करना पड़ेगा, सुई लगेगी, मैं यहाँ आकर लगा दूँगी. रोज़ आऊँगी."

सुईपारने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी स्वच्छ हिंदीत, एकेक शब्द सुटा करून ती बोलली.

"मैंने आपको बोला था किसी को मत बोलना. आप हम लोग को पसंद नहीं करतीं, वो मुझे पहले दिन से मालूम था. उससे कुछ नहीं. बहुत लोग पसंद नहीं करते. लेकिन मैं आपके पास इसलिए आई कि आप सिस्टर हैं."

"मैंने नाम नहीं लिखा था."

"हाँ. पता लिखा था."

 अरुणाबाईंनी खोका पुढे केला. सुईपारने तो घेतला नाही. शेवटी त्यांनी पिशवीतून कागद काढून तिथेच जिन्यात गुडघ्यावर ठेवून लिहिला. या रोग्याचं औषध अमुक तारखेला सुटलं आहे, जवळच्या केंद्रात ताबडतोब नोंद व्हावी. उत्तम नगरच्या दवाखान्याचा पत्ता लिहिला, तिथल्या डॉक्टरचं नाव लिहिलं. तो कागद सुईपारने घेतला. नीट वाचला, घडी केली आणि दार लावलं.

परतल्यावर अरुणाबाई पाद्री मसीह साहेबांकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. ते ऐकून खुर्चीत मागे टेकले. "सिस्टर, पत्र आपने लिखा है, वो सबको पता था. पर मरीज़ की बीवी ने ख़ुद आपको बताया था, ये नहीं पता था." त्यांनी प्रार्थना करायला हात जोडले, तर त्या म्हणाल्या, "आत्ता नको." आणि उठल्या.

तिथून त्या दवाखान्यात गेल्या. मुख्य डॉक्टर तरुण होते, कामात गळ्यापर्यंत बुडालेले. अरुणाबाईंनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि का ठेवतेय तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, गलती हो गई, छोड़िए ना. मेरे पास आदमी कहाँ हैं?"

"डॉक्टरसाहब, कोई मरीज़ पूछेगा कि सिस्टर किसी को बोलेंगी तो नहीं, तो मैं क्या बोलूँ?"

डॉक्टरांनी किल्ली उचलली नाही, पण परतही दिली नाही.

चार वाजताचा हॉल मराठी उपासनेला परत मिळाला. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी सात माणसं आली. भाऊसाहेब आले नाहीत. सतरंज्यांवर इतकी जागा रिकामी होती की बोललेलं घुमत होतं. वैजयंती नावाच्या एका जुन्या नर्सने विचारलं, "काय गं अरुणा, ते बर्मी गेले का कायमचे? बरं झालं बाई." अरुणाबाईंनी गाण्याचं पान काढलं. मग वैजयंतीबाईंनी पावसाचा विषय काढला. पुढच्या मार्चपर्यंत उपासना चालली, मग नोएडावाल्यांना जमेना आणि ती थांबली. कुणी ठराव केला नाही, निरोप दिला नाही. एका रविवारी अरुणाबाई एकट्याच होत्या. त्यांनी दार लावून किल्ली परत केली.

थांगची बातमी त्यांना तुकड्यातुकड्याने कळत गेली. उत्तम नगरच्या केंद्रातली नर्स ओळखीची होती. त्याची नोंद झाली. रोज सुई आणि जास्तीच्या गोळ्या असे आठ महिने नव्याने काढावे लागले. मध्ये एकदा फार बिघडलं, त्या सुयांनी कान बधिर झाले, डावा कायमचाच. पण वाचला. २००९ मध्ये ती दोघं अमेरिकेला गेली, असं पाद्रीसाहेबांनी सांगितलं. लियान मात्र दिल्लीतच राहिला, त्याचं प्रकरण अडकलं होतं.

"गेले ना अमेरिकेला? मी म्हणतच होते," अरुणाबाई मानसला म्हणाल्या. तोवर त्या विकासपुरीचं घर भाड्याने देऊन गुडगावात त्याच्याकडे राहायला आल्या होत्या. मानस हसला. त्याला वाटलं, आईचा जुना हट्ट. त्या हसल्या नाहीत.

"हॉल त्यांना द्यायला नको होता, हे मी आजही म्हणेन," त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "अनुष्का, तुला एक सांगायचंय. मानसलाही. तुम्ही दोघं जरा बसा." आणि त्यांनी दोघांना ते पत्र, ती गल्ली, ती डेअरी आणि ते अर्धं उघडलेलं दार, सगळं पहिल्यापासून सांगितलं. मानस मध्येच म्हणाला, "पण आई, तू नंतर शोधायला गेलीस ना," तर त्यांनी हाताने त्याला थांबवलं आणि पुढे सांगत राहिल्या.